कीबोर्डची खंडेनवमी

बुधवार, ४ ऑक्टोबर २००६
मुक्काम हॉल, टीव्हीसमोर

सौ. सरितास,

हॉलकडून स्वयंपाकघरास नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तिकडची खुशाली कुकरच्या शिट्ट्यांवरून कळते आहे.

काल तू म्हणालीस, “हा कॉम्प्युटर उघडत नाही तोवर माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.” मी यावर नीट विचार केला. बोलायचा नाही म्हणालीस, लिहायचा नाही असं काही म्हणाली नाहीस. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई शब्द तोलून मापूनच वापरत असणार, असं धरून हे पत्र फ्रिजवरच्या चहाच्या डब्याखाली ठेवतो आहे. उत्तर तिथेच ठेवावं. सकाळचा चहा आणि संध्याकाळचा चहा, अशा टपालाच्या दोन वेळा राहतील.

आता भांडण नेमकं कशावरून आहे ते कागदावर मांडतो, म्हणजे पुढे तुझं-माझं म्हणणं वेगळं पडायला नको.

रविवारी खंडेनवमी होती. माझी नोकरी एसटीत गेली. त्या दिवशी बोनेटला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू असल्याशिवाय आमचे ड्रायव्हर स्टिअरिंगला हात लावत नसत. मी वाहतूक नियंत्रक. माझ्या ताब्यात गाडी नव्हती, माइक होता, म्हणून मी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर, गाड्या पुकारायच्या केबिनमध्ये माइकची पूजा करायचो. निवृत्त झालो आणि माइक गेला. घरात हत्यार म्हणावं असं उरलं काय, तर विळी, पाना आणि तृप्तीने हैदराबादहून पाठवलेला बिनवायरचा कीबोर्ड. तू शाळेत समारंभाच्या तालमीला गेली होतीस. मी पाटावर लाल कापड अंथरून त्यावर कीबोर्ड ठेवला. हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, अक्षता वाहिल्या. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती द्यायची म्हणून त्याच्या पोटातले दोन्ही सेल काढून बाजूला ठेवले. दसऱ्याला संध्याकाळी ते परत घातले. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

काल तू कॉम्प्युटर लावलास. तुझं नाव आलं. नावाखाली पासवर्डची पांढरी पट्टी आली. तू टाईप करत राहिलीस आणि पट्टी कोरडीच राहिली. तू म्हणालीस, “पूजा केलीत का उत्तरपूजा?” आणि मग तो अबोल्याचा हुकूम सोडलास. त्यावर मी हसलो. ते मात्र चुकलं, हे लगेच कबूल करतो. शाळेच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर त्या पेटीत अडकला आहे, तो शनिवारी प्रेसला द्यायचा आहे, आणि मार्चमध्ये तू निवृत्त होणार म्हणजे हे तुझं शाळेतलं शेवटचं मोठं काम. हे माहीत असताना हसणाऱ्या नवऱ्याशी मीसुद्धा बोललो नसतो.

आज तू शाळेत गेल्यावर तपासणी केली. माउसला वायर आहे, तो चालतो. बाण हवा तिथे जातो. फक्त अक्षर उमटत नाही. कीबोर्डला फुंकर मारली. सेल काढून दाताने चावून पाहिले, लहानपणी रेडिओचे चावायचो तसे. मग भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातले. त्यामुळे घड्याळ बंद आहे, त्याचा अबोल्याशी संबंध नाही. जुना वायरवाला कीबोर्ड असता तर आज अडलं नसतं, पण तो आपण पाडव्याला भांडीवालीला माझ्या दोन पॅन्टींबरोबर देऊन टाकला आणि स्टीलची चाळणी घेतली. त्या चाळणीने पासवर्ड टाईप होत नाही.

दुपारी तृप्तीचा फोन आला होता. मी उचलला, तिचं “हॅलो, बाबा?” तीनचार वेळा ऐकलं आणि ठेवून दिला. अबोला धरायचा तर पुरता धरावा. तिला ब्लँक कॉल लागला असं वाटलं असेल, तर तू तिची समजूत घाल.

एक विनंती आहे. हे प्रकरण सोमवारच्या आत मिटायला हवं. सोमवारी सकाळी मला शेजारच्या मोतीरामबरोबर एका कामाला जायचं आहे. घरात कुणी माझ्याशी बोलत नसताना त्या कामाला जावं असं मला वाटत नाही.

तुझा हुकमाचा ताबेदार,
यादव

ता.क. मिठाचा डबा रिकामा झाला आहे. गुळण्यांना लागतं.

———

गुरुवार, ५ ऑक्टोबर
मुक्काम तोच

प्रिय सरिता,

तुझं टपाल मिळालं. माझंच पत्र परत आलं. लाल शाईने सात ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलेले, समासात एका वाक्याखाली रेघ मारून “कोणतं काम?” आणि तळाला दोन ओळी. “सेल उलटे घातलेत. मीठ इतकं कशाला लागतं?”

सेल उलटे होते हे खरं आहे. मिठाचं म्हणशील तर निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा. कामाचं म्हणशील तर मोतीरामचं काम आहे, मी नुसता बरोबर जाणार.

सेल सुलटे केले तरी पट्टी कोरडी. तेव्हा मी खालच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या राजूला बोलावून आणलं. अबोला तुझ्याशी आहे, राजूशी नाही, असं तू म्हणशील. पण मी म्हटलं, एकदा तोंड बंद ठेवायचं ठरवलं की त्याला सवलतीचे पास नकोत. म्हणून दुकानात जाऊन वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं, मग हवेत टाईप करून दाखवलं, मग मान हलवली. राजूला वाटलं मला ऐकू येईनासं झालंय. तो आपल्या घरात येऊन असा ओरडत होता की मोतीराम लुंगीवर धावत आला.

“काका, सेल काढले ना तुम्ही?” राजू माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला. “सेल काढले की ही डबी आणि हा कीबोर्ड यांची ओळख तुटते. परत करून द्यावी लागते.”

डबी म्हणजे कॉम्प्युटरला शेपटीसारखी लावलेली ती काळी चपटी वस्तू. तिच्यावर एक बारीक बटण आहे, मला वाटायचं तो कंपनीचा शिक्का असेल. राजूने ते दाबलं. मग कीबोर्ड पालथा करून त्याच्या पोटावरचं बटण दाबलं. डबीचा दिवा लुकलुकला आणि पट्टीत काळे ठिपके यायला लागले. मोतीरामने टाळ्या वाजवल्या. राजू म्हणाला की नुसतं एकीकडचं बटण दाबून भागत नाही. दोघांचीही बटणं पाठोपाठ दाबावी लागतात, तरच पुन्हा जमतं. हे मी फक्त कीबोर्डबद्दल लिहितो आहे.

मी खूश होऊन पेढे आणून ठेवले. तू शाळेतून आलीस, पर्स न ठेवता खुर्चीत बसलीस, पासवर्ड टाकलास. ठिपके आले. आणि कॉम्प्युटर म्हणाला, पासवर्ड चूक आहे. तू पुन्हा टाकलास. पुन्हा चूक. मग तू मान वळवून माझ्याकडे जे पाहिलंस ते मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही प्रवाशाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही, आणि मी दिवाळीत मालेगावची गाडी रद्द झाल्याचंही पुकारलेलं आहे.

रात्रीच्या ताटाखाली चिठ्ठी मिळाली, “पासवर्ड तुम्ही बदललात?”

सरिता, याचं मात्र मला वाईट वाटलं. चेष्टा सोडून लिहितो. ज्या दाराच्या आत मी कधी पाऊल टाकलं नाही त्याचं कुलूप मी कसं बदलणार? मला तर तो शब्द काय आहे हेही माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, “तो माझा खाजगी आहे,” आणि लाजली होतीस. मला वाटलं तृप्तीचं लाडाचं नाव असेल.

मग तू राजूला फोन लावलास. तो हल्ली सगळ्यांशीच ओरडतो, त्यामुळे पलीकडचं मला इथवर ऐकू आलं. “मॅडम, ठिपके येतायत म्हणजे कीबोर्ड ओके आहे. प्रॉब्लेम पासवर्डचा आहे. नसेल आठवत तर फॉरमॅट मारू. सगळं साफ होऊन जाईल, टेन्शनच नाय.” तू फोन ठेवलास. नंतर मी पाणी प्यायला म्हणून आलो तर तू गॅस न पेटवता भांड्यात चमचा फिरवत उभी होतीस. शेजारी उभं राहून काहीतरी बोलावं असं इतकं वाटलं की मी पाणी न पिता परत आलो.

फॉरमॅटला हो म्हणू नकोस. शनिवारपर्यंत मला वेळ दे.

तुझा संशयित,
यादव

ता.क. पेढे फ्रिजमध्ये आहेत. मी खाल्ले नाहीत, गिळताना जरा टोचतं. म्हणजे गोड नको वाटतं, असं म्हणायचं होतं.

———

शनिवार, ७ ऑक्टोबर, सकाळचं टपाल

प्रिय सरिता,

तू गुरुवारच्या पत्रातल्या “बदललात” च्या प्रश्नाखाली लाल शाईने “बरं, नसेल बदलला” असं लिहिलंस. “बरं” आणि “नसेल” हे दोन शब्द नसते तर जास्त बरं वाटलं असतं, पण मिळालं ते घेतो. ता.क. भोवती मोठं लाल वर्तुळ आहे. त्याचा अर्थ मला कळला नाही असं धर.

काल कोजागिरी. गच्चीवर मसाला दूध होतं आणि तंबोला होता. तंबोल्याचे आकडे दरवर्षी मी पुकारतो, सगळी सोसायटी त्याचसाठी येते. यंदा मी मोतीरामकडे बोट केलं. तो जन्मभर कंडक्टर. पहिला आकडा निघाला तशी त्याने घंटीची दोरी ओढल्यासारखा हात वर केला आणि म्हणाला, “सात नंबर, सात, पुढं सरका.” मधेच कुणी हसलं की म्हणायचा, “ज्येस्त गडबड करू नका, लय आकडे बाकी हायेत.” लोक इतके हसले की कुणाला लाइन लागली ते कळलंच नाही. मीही हसलो, पण आवाज न करता, त्यामुळे शेजारी बसलेल्या आजींना वाटलं मला ठसका लागला.

आज सकाळी चहाच्या डब्याखाली तुझी चिठ्ठी. “आकडे का नाही पुकारलेत? माझ्याशी बोलायचं नव्हतं, जगाशी नाही. घसा बसलाय का? आणि इतकं गप्प राहणं तुम्हाला जमतंय कसं?” चार दिवसांत पहिल्यांदा तू कीबोर्ड सोडून काहीतरी विचारलंस. मी ती चिठ्ठी खिशात ठेवली आहे. उत्तर पुढे कधीतरी देतो.

आधी ऐक. काल दुपारी तू पुन्हा पासवर्ड टाकत होतीस आणि मी तुझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होतो. म्हणजे धरला होता. तुझी बोटं टक टक वाजत होती. मी आयुष्यभर आवाजावर जगलेला माणूस आहे. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून सांगायचो की ही पिंपळगावची आणि हिचा मागचा स्प्रिंगचा पाटा गेलाय. तुझ्या टकटकीत एक टक नव्हती. तिच्या जागी मऊ थप असं काहीतरी होतं. तू तीनदा टाकलास आणि तिन्ही वेळा शब्दाच्या त्याच जागी थप झालं.

बोट तू दाबलंस, पण अक्षर खाली गेलं नसावं. ठिपके कोण मोजतं? सगळे ठिपके सारखेच दिसतात. म्हणून तुला, राजूला आणि कॉम्प्युटरला, तिघांनाही वाटत राहिलं की शब्दच चुकतोय.

आता कृपा करून एक कर. शब्द मला सांगू नकोस. टाकताना ठिपके मोज, आणि कुठलं बोट पडल्यावर ठिपका येत नाही तेवढं एक अक्षर कागदावर लिही. मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

यादव

त्याच दिवशी, दुपारची जादा गाडी

“टी”, असं लिहिलंस. पुढे, “खरंच कमी येतोय!” यातलं उद्गारचिन्ह मी दोनदा वाचलं. माझ्या पत्रात एक आलं तरी तू खोडतेस.

तू प्रेसवाल्याकडे उद्या दुपारपर्यंतची मुदत मागायला गेलीस तेव्हा मी कीबोर्ड मांडीवर घेतला. टी दाबला. तो दबत होता, पण पूर्ण नाही. मग मी पेपर पसरला, कीबोर्ड पालथा केला आणि पाठीवर हलक्या हाताने थोपटलं, तृप्तीला लहानपणी दूध प्यायल्यावर थोपटायचो तसं. आधी बिस्किटाचा चुरा पडला. मग तुझी एक टिकली. मग झेंडूची पाकळी. आणि मग टपकन एक तांदूळ. कुंकवाने लाल झालेला, अखंड, न तुटलेला. अक्षता कशी असावी तशी.

मी स्वतःच्या हाताने वाहिलेली अक्षता टी च्या खाली जाऊन बसली होती. तू म्हणाली होतीस तेच खरं, पूजाच भोवली. फक्त उत्तरपूजा म्हणालीस ते चूक, कारण उत्तरपूजा केली असती तर त्याच दिवशी सगळं झाडून काढलं असतं आणि हा दाणा तेव्हाच सापडला असता.

दाणा कुंकवाच्या करंड्यात ठेवला आहे. टी आता टक वाजतो. आल्यावर टाकून बघ. मी इथेच खुर्चीत बसलो आहे.

यादव

———

रविवार, ८ ऑक्टोबर २००६
मुक्काम हॉल

प्रिय सरू,

आज पत्रात चेष्टा वगैरे काही नाही. तू प्रुफं बघायला प्रेसवर गेली आहेस, ती झाल्यावर संध्याकाळी येशील. आल्यावर चहा ठेवशील. डबा उचलशील तेव्हा हे मिळेल. हात धुऊन, बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

काल तू चार दिवसांनी माझ्याशी बोललीस आणि मी बोललो नाही.

तू आलीस, खुर्चीत बसलीस, शब्द टाकलास आणि तो हिरव्या डोंगराचा पडदा उघडला. तू ओरडलीस, “अहो, उघडला!” मग खुर्ची माझ्याकडे वळवलीस आणि म्हणालीस, “पासवर्ड काय होता सांगू? पेठगाडी. इंग्रजीत, सगळं जोडून. इतकी वर्षं शिकवलं आणि शेवटी पासवर्ड सुचला तो हा.” आणि पुन्हा लाजलीस. मग म्हणालीस, “आता अबोला संपला. म्हणा की एकदा, तुम्ही म्हणायचात तसं.”

मी तोंड उघडलं. श्वास घेतला. आणि तोंड मिटून गॅलरीत निघून गेलो.

तू थोडा वेळ वाट पाहिलीस. मग म्हणालीस, “बरं. आता तुमचा अबोला का?” आणि सीडी करून प्रेसला गेलीस. रात्री ताटाखाली चिठ्ठी नव्हती. माझ्या कालच्या पत्रात दोन ऱ्हस्वदीर्घ चुकलेले आहेत, तेसुद्धा तू दुरुस्त केलेले नाहीत. तेव्हा मला कळलं की तू खरी रागावली आहेस.

तू पेठच्या शाळेत नवीन लागली होतीस, रोज सकाळी नाशिकहून जायचीस. तुला गाडी कधी वेळेवर साधली नाही. गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि शालिमार चौकाच्या बाजूने तू एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने वह्या सांभाळत धावत येताना मला केबिनमधून दिसायचीस. पुकारणं संपेपर्यंत गाडी हलवायची नाही, असं मी ड्रायव्हर लोकांना सांगून ठेवलं होतं. मग मी पुकारणं संपवतच नसे. करंजाळीमार्गे जाणारी, फलाटावर उभी असलेली, नाशिकहून निघणारी, पुन्हा करंजाळीमार्गे. मला वाटायचं तू धापा टाकत यायचीस त्यामुळे तुला काही कळलं नसेल. तुला कळलं होतं आणि तू ते जपून ठेवलं होतंस, इतकं जपून की त्याचं कुलूप केलंस. हे मला काल कळलं आणि मी तुला एक शब्द बोलू शकलो नाही.

आता ऐक.

सप्टेंबरात माझा आवाज घोगरा झाला होता. आरत्यांनी बसला असं तू म्हणालीस, मीही म्हणालो. तो सुटेना म्हणून मोतीरामबरोबर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. ती काढायची आणि तपासायला पाठवायची. ते म्हणाले, सतत मोठ्याने बोलणाऱ्यांना अशी साधी गाठ होते, तशीच असेल. मी विचारलं, नसली तर? ते म्हणाले, तपासल्यावर बोलू. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मोतीरामचं काही काम नाही. काम माझं आहे.

तुझी स्मरणिका होती, समारंभ होता. तुला सांगितलं असतं तर तू ते सगळं टाकून माझ्याजवळ बसली असतीस आणि शाळेतून निघताना तुझ्या हातात काही राहिलं नसतं. म्हणून गप्प बसायचं ठरवलं. पण गप्प बसायचं कसं? मी घरात दहा मिनिटं बोललो नाही तर तू थर्मामीटर आणतेस. दसऱ्यापर्यंत कसंबसं थोडं थोडं बोलत ओढलं. मंगळवारी तू स्वतःच हुकूम सोडलास की एक शब्द बोलायचा नाही. मी हसलो ते यामुळे. मला सुटल्यासारखं झालं होतं. तू विचारलंस ना, गप्प राहणं जमतंय कसं? असं जमलं.

मग एकेक दिवस गेला तसं कळलं की न बोलणं सोपं आहे, तुझं न बोलणं सोपं नाही. म्हणून सोमवारच्या आत, सोमवारच्या आत, असा लकडा लावला होता.

काल मी ते एक वाक्य म्हणू शकलो असतो. डॉक्टरांना कोण सांगणार होतं? पण ते फाटक्या आवाजात आलं असतं. तू ज्या आवाजाला कुलूप लावून ठेवलंस तो हा नव्हे. उद्यानंतर कसा येईल, येईल की नाही, हे कुणाला माहीत नाही, आणि तुझ्या कानात शेवटचं म्हणून हे घोगरं राहावं असं मला वाटलं नाही. मला भीती वाटते, सरू. गाठीची वाटते, पण आवाजाची जास्त वाटते. माझ्याजवळ दुसरं होतं काय? उंची नाही, पगार बेताचा, नाक असं. तू भुललीस ती लाउडस्पीकरला.

उद्या सकाळी ऑपरेशनच्या आधी घरच्या माणसाची सही लागते. मोतीराम म्हणतो, “मी सख्खा भाऊ म्हणून ठोकून देतो सही, तुमी नाय काळजी करायची.” तो ठोकेलही. पण मला ती त्याची नको आहे. तू ये. उद्या शाळेत पहिला तास बुडेल, बुडू दे. आणि भूल उतरेल तेव्हा तू काहीतरी बोलत राहा. काहीही बोल, मला ओरडलीस तरी चालेल. मी डोळे उघडायच्या आधी आवाज ओळखतो.

त्यानंतरही काही दिवस मला बोलायला बंदी आहे. तेव्हा लाल शाई आणून ठेव. मी पत्रं लिहीन, तू बोलून उत्तरं दे. राजूने सांगितलं तसं माझ्याकडचं बटण मी आज दाबलं आहे.

काल तू मागितलंस ते देता आलं नाही. आज लिहून देतो. हे मनात वाचताना माझ्या जुन्या आवाजात वाच, तो तुझ्याकडे आहे.

प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. नाशिकहून करंजाळीमार्गे पेठला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे. एक बाई यायच्या आहेत. त्या आल्याशिवाय गाडी सुटणार नाही. करंजाळीमार्गे पेठला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे. नाशिकहून निघणारी, करंजाळीमार्गे जाणारी

तुझी वाट बघणारा,
यादव
वाहतूक नियंत्रक